लढाऊ विमाने कशी पारखतात?

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी बैलाच्या रंगावर आणि शिंगांवर भुलत नाही. तो दात पाहतो, बैलाला चालवून पाहतो आणि जमल्यास भरल्या गाडीला जुंपून चढावर नेऊन पाहतो. विकणारा मात्र सपाट रस्त्यावर मोकळ्या अंगाने बैल पळवून दाखवीत असतो. यात लबाडी आहेच असे नाही. विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बैल असतो आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले शेत.

लढाऊ विमानांच्या बाजारातही हेच चालते. ऑगस्ट २००७ मध्ये भारत सरकारने १२६ मध्यम वजनाच्या, अनेक कामांना उपयोगी पडतील अशा लढाऊ विमानांसाठी प्रस्ताव मागविले. जुनी होत चाललेली मिग-२१ विमाने निवृत्त करून त्यांच्या जागी ही घ्यायची होती. सहा उमेदवार पुढे आले : अमेरिकेची एफ-१६ आणि एफ-१८ सुपर हॉर्नेट ही दोन, रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, फ्रान्सचे राफेल आणि ब्रिटन, जर्मनी, इटली व स्पेन यांनी मिळून तयार केलेले युरोफायटर टायफून. प्रत्येक कंपनीचे माहितीपत्रक चकचकीत होते आणि प्रत्येकात आपलेच विमान सरस असल्याचे आकडे होते.

वायुदलाने शेतकऱ्याचाच मार्ग धरला. २००९-१० मध्ये ही विमाने बंगळूर, जैसलमेर आणि लेह येथे नेऊन उडविण्यात आली. बंगळूरची हवा दमट, जैसलमेरची तापलेली आणि लेहची विरळ. एकंदर ६४३ बाबी तपासल्या गेल्या असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्या साऱ्या आपल्याला पाहायच्या नाहीत. परंतु त्यांतल्या काही महत्त्वाच्या बाबींमागचे विज्ञान शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या बाहेरचे नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा. आपणही थोडी पारख करू.

रेटा किती आणि वजन किती?

जेट इंजिन पुढून हवा आत ओढते, तिच्यात इंधन जाळते आणि तापलेली हवा मागे प्रचंड वेगाने फेकते. हवा मागे ढकलली जाते म्हणून विमान पुढे ढकलले जाते. न्यूटनचा तिसरा नियम. या पुढे ढकलणाऱ्या बलाला रेटा म्हणू. रेट्याला विमानाच्या वजनाने भागले की एक गुणोत्तर मिळते. ते १ पेक्षा जास्त असेल, तर विमान नाक सरळ आकाशाकडे करूनही वेग वाढवू शकते.

राफेलला दोन इंजिने असतात. प्रत्येकाचा रेटा जास्तीत जास्त ७५ किलोन्यूटन, म्हणजे दोन्ही मिळून १५०. रिकाम्या राफेलचे वस्तुमान सुमारे ९,८५० किलोग्रॅम. पण रिकामे विमान लढत नाही. त्याच्या पोटातल्या टाक्यांत ४,७०० किलोग्रॅम इंधन मावते. लढाई सुरू होईपर्यंत त्यातले निम्मे संपले असे धरू आणि ८०० किलोग्रॅम क्षेपणास्त्रे वगैरे धरू. बेरीज झाली १३,००० किलोग्रॅम. तिला ९.८ ने गुणले की वजन १२७ किलोन्यूटन येते. १५० भागिले १२७ म्हणजे १.१८.

याच पद्धतीने टायफून पाहू. रिकामे ११,००० किलोग्रॅम, निम्मे इंधन २,५००, शस्त्रे ८००, एकूण १४,३००. दोन इंजिनांचा रेटा १८० किलोन्यूटन. गुणोत्तर १.२८. सुपर हॉर्नेटचे वस्तुमान याच हिशेबाने १८,६८० किलोग्रॅम आणि रेटा १९६ किलोन्यूटन, गुणोत्तर १.०७.

मग टायफून पहिले, राफेल दुसरे, सुपर हॉर्नेट तिसरे असा निकाल लावून टाकायचा का? थोडे थांबा. तिन्ही विमाने आता त्यांना सोसेल तितक्या भाराने भरू. जास्तीत जास्त भारासह उड्डाणाच्या वेळी राफेल २४,५०० किलोग्रॅमचे, टायफून २३,५०० चे आणि सुपर हॉर्नेट जवळजवळ ३०,००० चे होते. गुणोत्तरे येतात अनुक्रमे ०.६२, ०.७८ आणि ०.६७. सुपर हॉर्नेट राफेलच्या पुढे गेले! विमाने तीच, इंजिने तीच. बदलले फक्त ओझे. माहितीपत्रकात नुसते ‘रेटा-वजन गुणोत्तर’ असे छापलेले असेल, तर त्या आकड्याला विमानात किती इंधन होते हे विचारल्याशिवाय काहीही अर्थ नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. राफेलचे गुणोत्तर इतके खाली येते, कारण ते स्वतःच्या रिकाम्या वजनाइतकेच, म्हणजे सुमारे साडेनऊ हजार किलोग्रॅमचे ओझे पंखांखाली व पोटाखाली टांगू शकते. जो हमाल जास्त ओझे उचलतो तो ओझ्यासह हळू चालणारच.

आणखी एक गोष्ट. वर घेतलेला रेटा आफ्टरबर्नर चालू असतानाचा आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन फवारून पेटवायचे, याला आफ्टरबर्नर म्हणतात. राफेलच्या एका इंजिनाचा रेटा त्याने ५० वरून ७५ किलोन्यूटनवर जातो, म्हणजे दीडपट होतो; पण इंधन मात्र तिपटीहून अधिक जळते. जमिनीजवळ दोन्ही आफ्टरबर्नर सतत चालू ठेवले, तर पोटातले सगळे इंधन दहा-बारा मिनिटांत संपेल. म्हणून वैमानिक तो रेटा अडचणीत साठवलेल्या पैशासारखा जपून वापरतो.

पंखावरचा भार

विमानाच्या वस्तुमानाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो. दर चौरस मीटर पंखाने किती किलोग्रॅम उचलून धरायचे, हे त्यावरून कळते. राफेलच्या पंखांचे क्षेत्रफळ ४५.७ चौरस मीटर, टायफूनचे ५१.२, सुपर हॉर्नेटचे ४६.५. आपल्या हलक्या हिशेबाने पंखभार येतो राफेलचा २८४, टायफूनचा २७९ आणि सुपर हॉर्नेटचा ४०२.

वळण घेताना विमान एका कुशीवर कलते आणि पंखांचे उत्थापक बलच त्याला आत खेचते. पंखभार कमी असेल तर कमी वेगातही पुरेसे बल मिळते आणि वळण लहान घेता येते. हवेतल्या झुंजीत लहान वळणाची किंमत मोठी. पण मोठ्या पंखाचा एक तोटाही आहे. जमिनीजवळून भरधाव जाताना हवेतला प्रत्येक धक्का मोठा पंख जास्त घेतो आणि वैमानिक खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीत बसल्यासारखा हादरत राहतो. जमिनीवरच्या लक्ष्यांवर खालून हल्ला करायचा असेल, तर थोडा जास्त पंखभारच बरा. एका कसोटीत गुण मिळवून देणारी गोष्ट दुसरीत गुण घालवते. विमान रचणाऱ्याची खरी डोकेदुखी ही आहे.

केवळ पंखभारावरून सुपर हॉर्नेटला नापासही करू नका. पंखांच्या मुळाशी पुढे काढलेल्या निमुळत्या पट्ट्यांमुळे आणि रुंद पोटामुळे त्याच्या शरीराचा बराच भाग उत्थापनाला मदत करतो. तो आपल्या भागाकारात आलेलाच नाही. शिवाय ते जड आहे याला कारण आहे. ते मुळात विमानवाहू जहाजावर उतरण्यासाठी बनविले गेले. जहाजाच्या तोकड्या डेकवर ते आदळल्यासारखे उतरते आणि तारेत आकडा अडकवून थांबते. हा दणका सोसण्यासाठी चाकांचे पाय आणि सांगाडा दणकट लागतो. अमेरिकेच्या आरमाराला त्या वजनाचा मोबदला रोज मिळतो. अंबाल्याच्या लांबलचक धावपट्टीवर तेच वजन निव्वळ ओझे ठरते.

लेहची हवा

आता या परीक्षेतल्या सर्वांत अवघड पेपरकडे वळू. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाई शिखराच्या माथ्यावर (१,६४६ मीटर) दुसरी कळसूबाई ठेवली, तर तिचा माथा लेहच्या धावपट्टीच्या थोडाच वर जाईल. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश असतो. उन्हाळ्याच्या दिवसात तापमान २० अंश सेल्सिअस असेल, तर हवेची घनता दर घनमीटरला सुमारे ०.८१ किलोग्रॅम भरते. समुद्रसपाटीची प्रमाण घनता १.२२५ धरली, तर हीही दोन-तृतीयांशच.

याचे परिणाम एकावर एक कसे चढतात ते पाहा. पंखाचे उत्थापक बल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. घनता दोन-तृतीयांश झाली, तर तेवढेच बल मिळण्यासाठी वेगाचा वर्ग दीडपट व्हायला हवा; म्हणजे वेग दीडच्या वर्गमुळाइतका, १.२२ पट. समुद्रकाठी ताशी २५० किलोमीटर वेगाला उचलणारे विमान लेहला ताशी ३०५ किलोमीटर वेग येईपर्यंत जमीन सोडत नाही.

पण तो वेग आणायचा कोणी? इंजिनानेच. आणि इंजिनाचे तोंड तर तेवढेच. दर सेकंदाला त्यात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान घटले, की रेटाही साधारण त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे रेटाही दोन-तृतीयांश. गतीचे समीकरण आठवा : धावेचे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि त्वरणाच्या व्यस्त प्रमाणात असते. वेगाचा वर्ग दीडपट, त्वरण दोन-तृतीयांश. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. घर्षण व हवेचा रोध सोडून दिला तरी, जे विमान समुद्रकाठी १,००० मीटर धावून उडते, त्याला लेहला २,२५० मीटर लागतील.

उतरतानाही सुटका नाही. उतरण्याचा वेग १.२२ पट, म्हणून गतिज ऊर्जा दीडपट. ती सगळी ऊर्जा ब्रेक, टायर आणि शेपटीचे पॅराशूट यांनी मिळून जिरवायची. विमान थांबले, इंजिन बंद केले, आता पुन्हा सुरू करायचे, तर थंड व विरळ हवेत ज्वाला नीट धरेल की नाही हाही प्रश्न असतोच. चारी बाजूंना डोंगर असल्यामुळे वर चढायला जागा आखूड. ऊन चढले की हवा आणखी पातळ होते आणि वारा सुटतो. लेहची प्रवासी विमाने बहुधा सकाळीच ये-जा करतात ती यामुळेच.

एवढा आटापिटा कशासाठी, असे एखादा विचारील. उत्तर १९९९ च्या कारगिल लढाईत आहे. तेव्हा शत्रू पाच-पाच हजार मीटर उंचीच्या शिखरांवर बसला होता. आपल्या मिराज-२००० विमानांनी लेसर किरणांच्या मार्गदर्शनाने टायगर हिलवर बाँब टाकले, ते विरळ हवेत वागण्याचे गणित नव्याने बसवूनच. युरोपातल्या सपाट प्रदेशासाठी आखलेल्या विमानाला हा प्रश्न कुणी कधी घातलेला नसतो. झुंजीतले वळणही तेथे मोठे होते : घनता दोन-तृतीयांश झाली की शक्य असलेल्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या दीडपट होते. खोऱ्यात ते वळण मावले पाहिजे.

जैसलमेरचा पेपर याच विषयाचा, जरा सोपा. ४५ अंश तापमानाला हवा पसरते आणि घनता समुद्रसपाटीच्या ८८ टक्क्यांपर्यंत येते. तेथे खरी कसोटी रडारसारख्या विद्युत उपकरणांना थंड ठेवण्याची.

एक इंजिन की दोन?

सहा विमानांपैकी एफ-१६ आणि ग्रिपेन एका इंजिनाची, बाकीची दोन इंजिनांची. दोन म्हणजे जास्त सुरक्षित, असे चटकन वाटते. संभाव्यतेचे गणित करून पाहू. समजा, एका उड्डाणात एखादे इंजिन बंद पडण्याची शक्यता हजारात एक आहे. (आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे, खरी इंजिने याहून पुष्कळ भरवशाची असतात.) एकाच इंजिनाचे विमान असेल तर ते गमावण्याची शक्यताही हजारात एक. दोन इंजिनांच्या विमानात, दोन्ही एकाच उड्डाणात बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. मात्र दोहोंपैकी कोणतेतरी एक बंद पडण्याची शक्यता हजारात जवळजवळ दोन! म्हणजे दोन इंजिनांचे विमान घरी परत येते खरे, पण कारखान्यात दुप्पट वेळा जाते. इंधन, सुटे भाग, कारागिरांचे तास, सगळेच वाढते.

या गणितात एक गृहीतक लपले आहे : एक इंजिन बंद पडण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पक्ष्यांचा थवा समोर आला किंवा इंधनच खराब निघाले, तर दोन्ही इंजिने एकदमच बंद पडू शकतात. संभाव्यतांचा गुणाकार करण्यापूर्वी हे नेहमी तपासावे, परीक्षेतही.

रडारबद्दल एकच नियम सांगून पुढे जाऊ. रडारचे किरण लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाने क्षीण होतात आणि परत येताना पुन्हा तेवढेच क्षीण होतात. म्हणून परतलेला प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. दुप्पट दूर पाहायचे तर सोळापट शक्ती हवी. उलट, आपले विमान शत्रूला निम्म्या अंतरापर्यंत दिसू नये असे वाटत असेल, तर त्याच्यावरून होणारे परावर्तन सोळाव्या हिश्श्यावर आणावे लागते. ‘रडारला न दिसणारे विमान’ हे शब्द वाचाल तेव्हा हा चौथा घात आठवावा.

दोन भावंडे आणि निकाल

एप्रिल २०११ मध्ये सहांपैकी दोनच उमेदवार उरले : राफेल आणि टायफून. दोघांचे चित्र शेजारी ठेवून पाहा. मागे त्रिकोणी पंख, पुढे लहान पंखांची जोडी, दोन इंजिने. सारखेपणा योगायोगाचा नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत युरोपातील पाच देश मिळून एकच विमान बनविण्याच्या विचारात होते. फ्रान्सला ते हलके आणि आपल्या विमानवाहू जहाजावर उतरणारे हवे होते. इतरांचा भर उंच आकाशातून येणाऱ्या शत्रूला अडविण्यावर होता. १९८५ मध्ये फ्रान्स बाहेर पडला. १९८६ च्या जुलैत राफेलचे पहिले प्रायोगिक विमान उडाले, आणि ऑगस्टमध्ये टायफूनचा पूर्वज म्हणता येईल असे ब्रिटिश प्रायोगिक विमान. टायफूनचा मोठा पंख आणि जास्त रेटा, राफेलची ओझे वाहण्याची ताकद : आपण वर काढलेल्या गुणोत्तरांत तो तेव्हाचा वाद अजून दिसतो.

आपल्या तेव्हाच्या पद्धतीत कसोट्या फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होण्यासाठी असत. अपेक्षेपेक्षा सरस ठरणाऱ्याला जादा गुण नव्हते. उत्तीर्ण झालेल्यांत ज्याचा एकूण खर्च कमी, तो पहिला. या खर्चात विकत घेण्याच्या किमतीबरोबर पुढे कित्येक वर्षे उडविण्याचा आणि दुरुस्तीचा खर्चही धरला होता. ३१ जानेवारी २०१२ रोजी राफेल पहिले ठरले. मला विचाराल तर अशा पद्धतीत विमानाची खरी निवड परीक्षेच्या मैदानावर होत नाही. अपेक्षांची यादी लिहिणारा माणूस ती आधीच निम्मी करून ठेवतो.

यानंतरची कथा कमी आनंदाची आहे. १२६ पैकी १०८ विमाने भारतात हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये बांधायची होती. त्यांची हमी कोणी द्यायची आणि ती बांधायला किती तास लागतील, यावर वर्षामागून वर्षे बोलणी चालली. २०१५ मध्ये ती योजनाच मागे घेण्यात आली. २३ सप्टेंबर २०१६ रोजी फ्रान्सशी थेट करार झाला तो ३६ विमानांचा. एका स्क्वाड्रनला १८ विमाने धरली तर १२६ म्हणजे सात स्क्वाड्रन, आणि ३६ म्हणजे दोन. पहिली पाच राफेल विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली. प्रस्ताव मागविल्याला तेरा वर्षे झाली होती.

त्या तेरा वर्षांत मिग-२१ उडतच राहिले. १९६३ साली वायुदलात आलेल्या आणि पुढे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधल्या गेलेल्या या विमानाच्या सुधारित आवृत्त्या सीमेवर पहारा देत होत्या. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमानांशी सामना झाला तेव्हा पुढे झेपावलेल्यांत एक मिग-२१ होते. ते पडले आणि त्याचा वैमानिक दोन दिवस पाकिस्तानच्या ताब्यात राहून १ मार्चला परतला. ज्याची जागा घेण्यासाठी सहा विमानांची परीक्षा घेतली, तेच विमान निकालानंतर सात वर्षांनीही आघाडीवर होते. पारखण्यात गेलेला वेळ कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेला नसतो. चंडीगड येथे मिग-२१ ला शेवटचा निरोप दिला गेला तो २६ सप्टेंबर २०२५ रोजी.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने तेथूनच उड्डाण केले. तेजस त्या सहांच्या स्पर्धेत नव्हते. परंतु त्याच्या पहिल्या आवृत्तीचे स्थूल आकडे देतो; पारख तुम्ही करा. रिकामे वस्तुमान ६,५६० किलोग्रॅम, निम्मे इंधन १,२३०, शस्त्रे पूर्वीप्रमाणेच ८००, पंखांचे क्षेत्रफळ ३८.४ चौरस मीटर, एकाच इंजिनाचा रेटा सुमारे ८५ किलोन्यूटन. पंखभार २२४ च्या आणि रेटा-वजन गुणोत्तर १.०१ च्या आसपास यायला हवे. मग तेच विमान लेहच्या धावपट्टीवर नेऊन ठेवा आणि गणित पुन्हा करा.